जुन्या ट्रकच्या इंजिनातील संवेदक : परीक्षा आधी, बदल नंतर

सुरत शहराच्या दक्षिण भागात, मुंबईकडे जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, उधना व सचिन या स्थानकांच्या दरम्यान भेस्तान हे स्थानक आहे. जवळच पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत व तेथील रंगाई-छपाईच्या गिरण्या, सभोवती यंत्रमागांचे कारखाने आणि पुढे सचिनची वसाहत, असा हा सारा परिसर कापडाच्या व्यवसायावर उभा आहे. मागावरून उतरलेले कोरे कापड गिरणीत नेणे, रंगवून झालेले कापड बाजारपेठेत पोहोचविणे व तेथून ते देशभर पाठविणे ही कामे टेम्पो व ट्रक अहोरात्र करीत असतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली मराठी व अहिराणी बोलणारी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा, भेस्तान या भागांत मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही येथे चालतात.

या वस्तीत एखादाच जुना ट्रक बाळगून स्वतःच तो चालविणारा मालक-चालक हा वर्ग लहान असला तरी महत्त्वाचा आहे. त्याचा ट्रक एक दिवस उभा राहिला, तर त्या दिवसाचे भाडे बुडते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी ‘सेन्सर गेला आहे, बदलून टाका’ हा सल्ला त्याला हमखास मिळतो. सल्ल्याप्रमाणे नवा सेन्सर बसविला जातो आणि पुष्कळदा दोष तसाच राहतो. मग दुसरा सेन्सर, मग तिसरा. चांगले भाग काढून फेकले जातात, पैसा खर्च होतो आणि मूळ दोष कोठेतरी वायरीच्या जोडात दडून राहतो.

संवेदक, म्हणजे चालकांच्या नित्य बोलीतील सेन्सर, बदलणे हे फारसे अवघड काम नाही. साधी हत्यारे व थोडा धीर असेल तर त्यांपैकी काही संवेदक घरच्या अंगणातही बदलता येतात. खरे काम त्याच्या आधीचे आहे. दोष संवेदकात आहे, तारेत आहे की इंजिनातच आहे, हे प्रथम ठरविले पाहिजे. ही परीक्षा कशी करावी व त्यानंतर संवेदक कसा बदलावा, याची माहिती पुढे दिली आहे. उदाहरणादाखल इंजिनातील पाण्याचे तापमान मोजणारा संवेदक घेतला आहे. कारण त्याची परीक्षा घरी करता येते आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास होणारे नुकसान सर्वांत मोठे असते.

जुना ट्रक आणि नवे तंत्र

टाटा व डेमलर-बेंझ यांच्या सहकार्याने जमशेदपूर येथे १९५४ साली ट्रकनिर्मितीस प्रारंभ झाला. त्यानंतर कित्येक दशके आपल्याकडील ट्रकच्या डिझेल इंजिनात विजेचे काम थोडेच असे. इंजिन सुरू करणे, दिवे लावणे व एक-दोन काटे हलविणे एवढ्यापुरतीच वीज लागे. डिझेल किती व केव्हा सोडावयाचे, हे पंपातील दट्ट्ये, स्प्रिंगा व वजने ठरवीत. मिस्त्री आवाज ऐकून व धूर पाहून दोष ओळखत असे.

हवेतील प्रदूषण रोखण्यासाठी शासनाने ठरविलेली मानके जसजशी कडक होत गेली, तसतसे हे चित्र पालटले. भारत स्टेज ४ ही मानके १ एप्रिल २०१० पासून प्रथम देशातील १३ शहरांत लागू झाली. त्यांत मुंबई, पुणे व सोलापूर यांच्याबरोबर सुरतचाही समावेश होता. १ एप्रिल २०१७ पासून ती देशभर लागू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून त्यांची जागा भारत स्टेज ६ या मानकांनी घेतली. या काळात अनेक ट्रकांत ‘कॉमन रेल’ पद्धतीची इंजिने आली. या पद्धतीत सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून अतिशय मोठ्या दाबाचे डिझेल मिळते आणि प्रत्येक इंजेक्टर केव्हा व किती वेळ उघडावयाचा, हे एक लहानसा संगणक ठरवितो. गॅरेजमध्ये त्यास ‘ईसीएम’ अथवा ‘ईसीयू’ म्हणतात.

त्या काळातील ट्रक आज जुने झाले आहेत. इंजिन भक्कम असते, पण त्यावरून गेलेल्या तारा, प्लॅस्टिकचे जोड व संवेदक यांनी अनेक वर्षांची उष्णता, तेल, धूळ व पावसाचे पाणी सोसलेले असते. सुरतसारख्या समुद्राजवळच्या दमट हवेच्या गावी जोडांतील धातूवर हिरवा गंज चढण्यास वेळ लागत नाही. यास्तव जुन्या ट्रकमध्ये संवेदकाची तक्रार आली, तर तारा व जोड यांच्यावर प्रथम संशय घेणे योग्य ठरते.

संवेदक काय काम करतो?

संगणकाला डोळे नाहीत व स्पर्शही कळत नाही. इंजिन किती तापले, किती वेगाने फिरते, चालकाने पेडल किती दाबले, हे त्यास विजेच्या भाषेत सांगावे लागते. हे सांगण्याचे काम संवेदक करतो.

तापमान संवेदकात अर्धवाहक पदार्थाचा एक लहान तुकडा असतो. त्यास थर्मिस्टर म्हणतात. तांब्याची तार तापली की तिचा विद्युत रोध वाढतो. या तुकड्याचे वर्तन नेमके उलट असते. तो तापला की त्याचा रोध कमी होतो. असा गुणधर्म मायकेल फॅरडे यांनी १८३३ साली चांदीच्या सल्फाइडमध्ये प्रथम नोंदविला होता.

संगणक या संवेदकास स्वतःमधील एका ठराविक रोधामधून ५ व्होल्टचा पुरवठा करतो. इंजिन थंड असताना संवेदकाचा रोध मोठा असतो, त्यामुळे त्याच्या दोन टोकांमधील विभवांतरही मोठे असते. इंजिन तापत जाते तसे ते कमी होते. संगणक हे विभवांतर मोजतो आणि त्यावरून तापमान ठरवितो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व परीक्षा तिच्यावर आधारलेली आहे. तार तुटली किंवा जोड निसटला, तर संगणकाला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि इंजिन हिमालयातल्यासारखे गारठले आहे असे तो मानतो. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर त्याला जवळजवळ शून्य व्होल्ट दिसतात आणि इंजिन भयंकर तापले आहे असा त्याचा समज होतो. दोन्ही वेळी संवेदक निर्दोष असू शकतो.

दोषाची लक्षणे

तापमान संवेदकाच्या मंडलात बिघाड झाला असता साधारणतः पुढील लक्षणे आढळतात. इंजिनचा इशारा देणारा पिवळा दिवा लागतो. सकाळी इंजिन सुरू होण्यास वेळ लागतो किंवा सुरू झाल्यावर धूर अधिक निघतो. डिझेल जास्त लागते. विजेवर नियंत्रित होणारा पंखा असल्यास तो थंड इंजिनातही सतत फिरत राहतो. काही इंजिनांत संगणक सावधगिरी म्हणून शक्ती कमी करतो आणि भरलेला ट्रक चढावर रेंगाळू लागतो.

परंतु याच लक्षणांपैकी काही अन्य कारणांनीही उद्भवतात. डिझेलचा फिल्टर तुंबला तरी शक्ती कमी होते. बॅटरी मंदावली तरी इंजिन उशिरा सुरू होते. लक्षणांवरून शंका येते, निर्णय करता येत नाही.

निर्णयाकडे नेणारे पहिले साधन म्हणजे दोषाचा सांकेतिक क्रमांक. संगणक आपल्या स्मृतीत तो साठवून ठेवतो व गॅरेजमधील तपासयंत्रावर, काही ट्रकांत दिव्याच्या उघडझापीवरून, तो वाचता येतो. पाण्याच्या तापमानासाठी ‘पी ०११७’ म्हणजे विभवांतर फार कमी आणि ‘पी ०११८’ म्हणजे विभवांतर फार जास्त. मोठ्या ट्रकांत हाच संदेश ‘एसपीएन ११०’ या क्रमांकाने येतो. त्यापुढे ‘एफएमआय ३’ असेल तर विभवांतर जास्त व ‘एफएमआय ४’ असेल तर कमी. पहिल्या प्रकारात तुटलेली तार व दुसऱ्या प्रकारात चिकटलेल्या तारा हे संशयित ठरतात.

मिस्त्रीकडून तपासणी करून घेतल्यास हा क्रमांक मालकाने वहीत तारखेसह लिहून घ्यावा. भेस्तानच्या गॅरेजमध्ये मालक मराठी, मिस्त्री गुजराती किंवा हिंदी बोलणारा आणि माहितीपुस्तक इंग्रजी असे अनेकदा घडते. क्रमांक मात्र सर्वांसाठी एकच असतो. ‘सेन्सरचा कोड आला’ एवढ्यावर समाधान मानू नये. कोणता कोड, हे विचारावे. क्रमांक हा दोषी मंडलाचा असतो, दोषी भागाचा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

घरी करावयाची परीक्षा

या परीक्षेसाठी एक साधा अंकदर्शी मल्टिमीटर, विजेरी, कोरडे फडके व पाण्यासाठी एक भांडे एवढे साहित्य पुरते. परीक्षेचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

पहिली पायरी पाण्याची. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटर व त्यास जोडलेली टाकी यांतील शीतक, म्हणजे कूलंट, पुरेसे आहे का ते पाहावे. संवेदकाचे टोक द्रवात बुडालेले असेल तरच त्याचे मापन खरे येते. शीतक कमी होऊन टोकाभोवती वाफ अगर हवा राहिली, तर चांगला संवेदकही चुकीचे सांगतो. त्याचबरोबर पंख्याचा पट्टा ढिला नाही ना, रेडिएटरच्या जाळीत धूळ वा कापडाचे तंतू अडकलेले नाहीत ना, हेही पाहावे. काटा वर जातो आहे तो संवेदकाच्या चुकीने की इंजिन खरोखरच तापल्याने, हा प्रश्न सर्वप्रथम सुटला पाहिजे.

दुसरी पायरी जोडाची. किल्ली बंद करून संवेदकावरील प्लग काढावा. खटका दाबून प्लगचे शरीर धरावे. तारा ओढू नयेत. आत हिरवा गंज, तेल, पाणी किंवा वाकलेली पिन दिसते का ते पाहावे. अनेकदा दोष येथेच सापडतो. विजेच्या जोडांसाठी मिळणाऱ्या फवाऱ्याने जोड साफ करून वाळू द्यावा आणि प्लग पुन्हा खटका वाजेपर्यंत बसवावा. पॉलिश कागदाने पिना घासू नयेत.

तिसरी पायरी तारांची. प्लग काढलेला ठेवून, इंजिन सुरू न करता, किल्ली चालू करावी. मल्टिमीटर २० व्होल्टच्या पट्टीवर ठेवून प्लगच्या दोन टोकांमधील विभवांतर मोजावे. सुमारे ५ व्होल्ट आल्यास संगणकाकडून येणाऱ्या दोन्ही तारा धड आहेत असे समजण्यास हरकत नाही. काहीच न आल्यास प्रत्येक टोक व ट्रकचा सांगाडा यांमध्ये मोजावे. एका टोकाशी ५ व्होल्ट मिळाले, तर परतीची तार तुटली आहे. कोठेच न मिळाले, तर पुरवठ्याची तार तुटली आहे किंवा दोष अधिक आत आहे. मोजताना कोणीतरी तारेची जुडी हळूहळू हलवावी. आकडा नाचू लागला, तर जेथे हलविले तेथेच तार आतून तुटलेली असण्याचा संभव असतो. धुराड्याजवळून, धारदार पत्र्यावरून किंवा केबिन उचलताना जेथे तारा वाकतात तेथून जाणारा भाग विशेष तपासावा.

या कामी बल्बचा टेस्टर कधीही वापरू नये. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते व संवेदकाचे मंडल ५ व्होल्टचे. बॅटरीची तार या मंडलास चुकून लागली, तर संगणक जळू शकतो आणि लहान दोषाचा मोठा खर्च होतो.

चौथी पायरी संवेदकाची. किल्ली बंद करून मल्टिमीटर रोधाच्या पट्टीवर ठेवावा आणि संवेदकाच्या दोन पिनांमधील रोध मोजावा. सर्वत्र आढळणाऱ्या एका प्रकारच्या संवेदकाचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २५०० ओहम, ४० अंशांना सुमारे १२००, ६० अंशांना सुमारे ६००, ८० अंशांना सुमारे ३२० आणि १०० अंशांना सुमारे १९० ओहम असतो. आपल्या ट्रकसाठी निर्मात्याच्या पुस्तकातील तक्ता प्रमाण मानावा. परंतु तापमान वाढेल तसा रोध कमी होत जाणे हा नियम सर्वांना लागू आहे. मल्टिमीटरवर अमर्याद रोध दिसला, तर संवेदक आतून तुटला आहे. शून्याजवळ आला, तर तो आतून जुळला आहे. या दोन्ही स्थितींत तो बदलणे आवश्यक आहे.

काही संवेदक थंड असताना बरोबर व तापल्यावर चूक असे वागतात. त्यांच्यासाठी संवेदक काढून त्याचे केवळ धातूचे टोक कोमट व पुढे गरम पाण्यात धरावे, पाण्यात तापमापक ठेवावा व प्रत्येक दहा अंशांना रोध लिहून घ्यावा. आकडे क्रमाने उतरत गेले तर संवेदक ठीक आहे. मध्येच उडी दिसली, तर दोष सापडला.

संवेदक बदलण्याची रीत

परीक्षेत संवेदकच दोषी ठरला, तर पुढील काम सुरू करावे. ट्रक रस्त्याच्या कडेला न ठेवता सपाट व मोकळ्या जागी उभा करावा. हँडब्रेक ओढून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. केबिन उचलावी लागत असल्यास तिचा आधार पक्का बसल्याखेरीज कोणीही तिच्याखाली वाकू नये.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे; रात्रभर उभा असलेला ट्रक सर्वांत उत्तम. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे हे प्रेशर कुकर शिटीसह उघडण्यासारखेच आहे. दाबाखालील पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि ते वाफेसह तोंडावर उसळते. अशा भाजण्याने डोळे जाण्याचाही धोका असतो.

किल्ली बंद केल्यावर काही मिनिटे थांबून बॅटरीचा ऋण जोड सोडावा. त्यानंतर संवेदक शोधावा. बहुधा तो इंजिनच्या माथ्यावरून रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड नळीच्या मुळाशी, थर्मोस्टॅटच्या घराजवळ असतो. कित्येक ट्रकांत असे दोन संवेदक शेजारी शेजारी असतात. दोन तारांचा संगणकासाठी आणि एका तारेचा चालकापुढील काट्यासाठी. कोणत्याची तक्रार आहे, हे न पाहता दुसराच बदलल्याने काहीच साधत नाही.

संवेदकाभोवतीची माती ब्रशने व फडक्याने साफ करावी. झाकण हळू उघडून शीतक संवेदकाच्या पातळीखाली येईल इतपत स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे. हे शीतक बहुधा इथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असते. ते चवीला गोड पण विषारी आहे. लहान मुले, कुत्री व गुरे यांच्या तोंडी ते लागणार नाही अशी काळजी घ्यावी आणि ते गटारात अथवा विहिरीजवळ ओतू नये.

प्लग काढून नेमक्या मापाच्या सॉकेटने अगर रिंग पान्याने संवेदक डावीकडे फिरवून काढावा. घर ॲल्युमिनियमचे असल्यास आटे लवकर खराब होतात. म्हणून हातोडी वा पाइपाचा लांब दांडा वापरू नये. जुना व नवा संवेदक शेजारी धरून आटे, टोकाची लांबी, पिनांची संख्या व भाग क्रमांक जुळवून पाहावेत. दिसायला सारखा पण वेगळ्या रोधाचा संवेदक बसविल्यास संगणक कायमचा फसतो. त्यासाठी बसविण्यापूर्वीच नव्या संवेदकाचा रोध मोजून तक्त्याशी ताडावा. या कामास एक मिनिटही लागत नाही.

वॉशर नवा घालावा. संवेदक प्रथम बोटांनीच काही आटे फिरवावा. तो सहज न गेल्यास तिरका लागला आहे असे समजून पुन्हा काढावा. नंतर पुस्तकात दिलेल्या बलानेच तो आवळावा. आट्यांना टेफ्लॉनची पट्टी गुंडाळण्याची सवय येथे उपयोगाची नाही. एका तारेच्या संवेदकास परतीचा मार्ग आट्यांमधूनच मिळतो आणि पट्टीमुळे तो तुटू शकतो.

प्लग बसवावा, तारा धुराडे व पंख्याचा पट्टा यांपासून दूर बांधाव्यात, बॅटरी जोडावी. शीतक भरताना हवा निघून जाण्यासाठी दिलेला स्क्रू असल्यास तो ढिला करावा व त्यातून अखंड धार येऊ लागली की बंद करावा. इंजिन सुरू करून संवेदकाच्या मुळाशी गळती नाही हे पाहावे. वरची नळी गरम होईपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, ते चालू ठेवावे. पुन्हा थंड झाल्यावर शीतकाची पातळी तपासावी. इशाऱ्याचा दिवा काही ट्रकांत दोन-चार फेऱ्यांनंतर आपोआप जातो, काहींत तो तपासयंत्राने पुसावा लागतो.

‘जुगाड’ का करू नये?

नवा संवेदक मिळत नाही किंवा खर्च नको म्हणून प्लगमध्ये एक ठराविक रोध जोडून देण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. दिवा विझतो, शक्तीही परत येते आणि दुरुस्ती झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात संगणकाचा एक डोळा बांधला गेलेला असतो. इंजिन कितीही तापले तरी ते नेहमीइतकेच गरम आहे, असे त्याला दिसत राहते.

याचा परिणाम सपाट रस्त्यावर लगेच कळत नाही. सुरतहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग क्र. ५३, म्हणजे पूर्वीचा क्र. ६, नवापूर व विसरवाडी ओलांडून कोंडाईबारीच्या घाटात चढतो. उन्हाळ्याच्या दुपारी भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तो चढत असताना एखादी नळी फुटली, तर पूर्ण यंत्रणा असलेला ट्रक इशारा देतो व संगणक शक्ती कमी करून इंजिन वाचविण्याचा प्रयत्न करतो. रोध जोडलेल्या ट्रकमध्ये संगणकाकडून असा कोणताच इशारा येत नाही. हेड वाकते, गॅस्केट जळते, कधी पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. एका लहान भागाचे पैसे वाचविण्याच्या मोहापायी संपूर्ण इंजिन उतरविण्याची पाळी येते आणि अरुंद वळणावर बंद पडलेला ट्रक मागून येणाऱ्यांच्या जिवासही धोका ठरतो.

घरी करू नयेत अशी कामे

प्रत्येक संवेदक अंगणात बदलण्याजोगा नसतो. कॉमन रेलवरील दाब संवेदक घरी काढू नये. त्या नळीतील दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. तेथून सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते, अन्यथा हात गमावण्याचा संभव असतो. गळती शोधण्यासाठी तेथे हात फिरविणे हीदेखील घातक सवय होय.

ब्रेक यंत्रणेचे संवेदक व त्यांच्या तारा यांचे काम प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावे. तेलाचा दाब कमी असल्याचा लाल दिवा लागला, तर ‘संवेदक बिघडला असेल’ असे म्हणून ट्रक पुढे नेऊ नये. इंजिन ताबडतोब बंद करावे, तेलाची पातळी पाहावी आणि खरा दाब दाबमापकाने मोजून घ्यावा. ट्रकच्या सांगाड्यावर वेल्डिंग करावयाचे असल्यास निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे बॅटरी व संगणक यांचे जोड आधी सोडावेत.

इंजिनची फिरण्याची गती सांगणारा क्रँक संवेदक हा मधला प्रकार आहे. तो बिघडल्यास इंजिन सुरूच होत नाही. किंवा तापल्यावर अचानक बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. दात असलेल्या चाकासमोर तो बसविलेला असतो आणि दोहोंमधील फट एखाद्या मिलिमीटरच्या आसपास असते. टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसल्यानेही कधी कधी काम भागते. जागा हाताच्या टप्प्यात असेल व फटीचे माप ठाऊक असेल, तरच त्यास हात लावावा.

शाळा व ग्रामस्थांसाठी

काढलेला जुना तापमान संवेदक टाकून न देता जवळच्या शाळेस द्यावा. चालू स्थितीतील असेल तर विज्ञानाच्या शिक्षकांना त्याचा चांगला उपयोग होतो. एका पात्रात पाणी तापवून, तापमापक व संवेदकाचे टोक त्यात ठेवून, विद्यार्थ्यांनी तापमान व रोध यांची नोंद करावी आणि आलेख काढावा. रेषा सरळ न येता प्रथम वेगाने व नंतर संथपणे उतरणारी वक्ररेषा येते. तापलेल्या तांब्याच्या तारेचा रोध वाढतो, हे पाठ्यपुस्तकात शिकलेल्या मुलांना उलट वागणारा पदार्थ प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. क्रँक संवेदकाच्या वेटोळ्यासमोरून लोखंडी दात गेला की वीज का निर्माण होते, हे फॅरडे यांच्या १८३१ च्या विद्युत चुंबकीय प्रवर्तनाच्या शोधावरून समजाविता येते. ज्या मुलांचे वडील ट्रक चालवितात, त्यांना या धड्याचा अर्थ विशेष लवकर कळेल.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिक हा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकविला जातो. जुन्या पिढीतील मिस्त्रींचा हात व कान यांना मोजमापाच्या सवयीची जोड मिळाली, तर खेड्यापाड्यांतही चांगली दुरुस्ती होऊ शकेल. ट्रॅक्टर, पाण्याचा पंप व जनित्र यांच्या इंजिनांतही आता संवेदक येऊ लागले आहेत. त्यामुळे हा विषय महामार्गावरील चालकांपुरता राहिलेला नाही.

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनास दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्रही वेळोवेळी आवश्यक असते. या तपासण्यांच्या आधी घाईने भाग बदलण्यापेक्षा मालकाने वर्षभर एक वही ठेवावी. दोषाचा क्रमांक, मोजलेले व्होल्ट व ओहम, बदललेल्या भागाचा क्रमांक आणि तारीख एवढे तीत लिहावे. पुढच्या वेळी हीच वही मिस्त्रीचा अर्धा वेळ वाचवील.

थोडक्यात सांगावयाचे तर क्रम असा : आधी पाणी पाहावे, मग जोड, मग तारा, त्यानंतर संवेदक, आणि मोजमापाने दोष सिद्ध झाला तरच नवा भाग आणावा. एका मल्टिमीटरची किंमत व सकाळचा एक तास एवढ्या भांडवलावर भेस्तानमधील अथवा नवापूर-साक्रीकडील मालक-चालकाला आपला ट्रक, आपला पैसा व रस्त्यावरील इतरांचे जीव यांचे रक्षण करता येईल.